राणी तर ऐकू येत होती

प्रिय वन्सं,

काल ऋता येऊन गेली. आठवते ना? तुमच्या नाटकवाल्यांमधली, उंच, कापलेल्या केसांची, जिच्या प्रत्येक एकांकिकेत शेवटी कुणीतरी खुर्चीवर चढून बोलतं. तीच. यंदाच्या स्पर्धेच्या वेळी नाट्यगृहाच्या वरच्या व्हरांड्यात तुमच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं त्या सगळ्यांनी ठरवलंय. तुमच्या डिस्कमधून तिने चोवीस फोटो निवडून आणलेत. उद्या सकाळी ते छापायला जाणार. त्याआधी मी एकदा नजरेखालून घालून ‘ठीक आहे’ एवढं कळवायचं.

एवढंच काम, आणि कालपासून मला ते जमलेलं नाही. त्या चोवीसांतले सात फोटो तुमचे नाहीत, वन्सं. माझे आहेत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला तर मुळीच नाही. म्हणून ऋताच्या आधी तुम्हाला लिहायला बसले.

दुपारची जेवणं आटोपलीत. शिरीष, तुमचा लाडका भाऊ, आत घोरतोय. मी इथे जेवणाच्या टेबलावर चष्मा पुसत बसले आहे आणि दमलेय. तुम्ही म्हणाल, तू कधी दमलेली नसतेस गं? खरंय. पण आजचं दमणं वेगळं आहे. गुडघे दुखत नाहीत, पाठ दुखत नाही, तरी उठावंसं वाटत नाही.

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी साड्या दिल्या. तुम्ही कॅमेरा दिलात! तुमचाच जुना, त्यावर तुमचीच जुनी लांब लेन्स. मी म्हटलं, “वन्सं, मला आपलं गच्चीवरच्या जास्वंदीचे फोटो काढायला आवडेल.” तर म्हणालात, “जास्वंद काय, डोळ्यांना दिसतेच की. तू माझ्याबरोबर चल. अंधारात बसायचंय.”

आणि बसवलंत हो! डोंबिवलीतल्या एकांकिका, ठाण्यातल्या हौशी मंडळांच्या रंगीत तालमी. मागून दुसरी रांग, कडेची खुर्ची. मांडीवर दीड किलोची लेन्स, खाली एका पायाचा स्टँड, आणि कॅमेऱ्याला तुम्ही स्वतः शिवलेली दुलई. हसायचे सगळे त्या दुलईला. जुन्या नऊवारीच्या तुकड्यांची, आत कापूस भरलेली, दोन बाजूंनी हात घालायला भोकं. शटरचा आवाज पुढच्या रांगेला जाऊ नये म्हणून. तेवढ्यानेही तुमचं समाधान नव्हतं. प्रेक्षक हसले किंवा संगीत वाजलं की तेवढ्यातच बटण दाबायचं, एरवी श्वासही जपून घ्यायचा. गंभीर नाटक असलं की तासाभरात तुमचे फोटो जेमतेम नऊ. आणि मी तिकडे बसल्या बसल्या पेंगतेय.

पहिल्या दिवशीच मी विचारलं होतं, “वन्सं, तुमचा कॅमेरा भलतीकडेच का?” रंगमंचावर डावीकडे बाप मुलाला फाडफाड बोलत होता, सगळा उजेड त्याच्यावर. तुम्ही उजवीकडे अंधारात उभ्या असलेल्या आईवर लेन्स रोखून बसलेल्या.

मध्यंतरात चहा पिताना तुम्ही सांगितलंत. “बोलणाऱ्याचा फोटो कुणीही काढेल. त्याच्यावर दिवे असतात. ऐकणाऱ्याकडे बघ. नाटक त्याच्या तोंडावर घडतं. अन् नट खरा की खोटा तेही तिथेच कळतं. स्वतःचं वाक्य नसताना तो काय करतो बघ.”

मला त्यातलं निम्मंच कळलं. पण ती सवय बघून ठेवली. अख्ख्या नाटकात तुमचा एकही फोटो बोलणाऱ्याचा नसायचा. वरून कॅमेऱ्याचा तो आपोआप फोकस बंद! अंधारात तो पुढे-मागे नुसता चाचपडतो म्हणून तुम्ही हातानेच लेन्सचं कडं फिरवायच्या, केसभर इकडे, केसभर तिकडे. फोटो दाणेदार यायचे, रव्यासारखे. पण त्या दाण्यांतून एखादी आई, एखादा नोकर, एखादी नवी सून अशी बघत असायची की मी पुन्हा मागे जाऊन तोच फोटो बघायचे. नटांनी तर ते फोटो घरात लावलेत. ऋता काल सांगत होती, “काकू, मी पहिल्यांदा काम केलेलं ना, मला फक्त चार वाक्यं होती. कोणी बघितलं पण नाही मला. मावशींनी माझा फोटो दिलेला तेव्हा कळलं, कोणीतरी बघत होतं यार!” म्हणताना तिचे डोळे भरले आणि मी चहा ठेवायला उठले.

तुमचे डोळे बिघडले ते तुम्ही मला एका वाक्यात सांगितलंत. बाळकुमच्या तुमच्या फ्लॅटमध्ये, तांदूळ निवडताना. “पडद्याचा आजार आहे. मधलं जातं, कडेचं राहतं. इंजेक्शनं घेतेय, पण जाणार.” मी ताट बाजूला ठेवून रडायला लागले तर दटावलंत, “तांदूळ सांडतील.” मग म्हणालात, “शिरीषला सांग. तो रडेल, रडू दे. पण नाटकवाल्यांना कळता कामा नये. लगेच ‘बिचाऱ्या’ करून टाकतील मला. मला बिचारी व्हायचं नाहीये, माधवी.”

मी मान हलवली. तुम्हाला ती दिसली असेल का, असं त्या क्षणी पहिल्यांदा मनात आलं. मग तोंडाने “बरं” म्हटलं.

त्यानंतर दर बुधवारी डोंबिवलीहून ठाण्याला, बाळकुमची फेरी सुरू झाली. माणकोलीचा पूल झाला म्हणून सगळे म्हणत होते, आता काय, वीस मिनिटांत पोचाल! वीस मिनिटं कसली? काशेळीला ट्रकांच्या मागे आमची गाडी उभी, शिरीष हॉर्न मारतोय, मी मांडीवर तुमच्या भाकऱ्यांचा डबा धरून बसलेली. बाजार, औषधं, डोळ्यांत थेंब, बँकेचे फोन. आणि सगळ्यांत शेवटी, मी निघायच्या बेतात असताना, तुम्ही हळूच म्हणणार, “फोटो बघू या का गं?”

दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं लॅपटॉपमध्ये घालायची, फोटो तुमच्या मोठ्या टीव्हीवर लावायचे. तुम्ही टीव्हीसमोर हातभर अंतरावर स्टूल घेऊन, मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणार. मी ज्याचा त्याचा तपशील सांगणार.

आणि तुमचे फोटो धूसर होते, वन्सं. एखाद-दुसरा नव्हे, सगळेच. कड्यावर बोटं होती तशीच फिरत होती, पण कुठे थांबायचं ते त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. मी किती वेळा म्हटलं, “ऑटोफोकस लावू या ना!” तुम्ही ऐकलं नाहीत. “यंत्र चाचपडतं त्यापेक्षा मी चाचपडेन.” घ्या! मग मी टीव्हीवर धूसर ठिपके बघत म्हणायचे, “छान आलाय, थोडासा हललाय.” तुम्ही म्हणायच्या, “किती थोडासा?” पुढचा. “हा?” पुढचा. “आणि हा?”

मी ते पाच-सहा बुधवार केलं. मग एका बुधवारी तुम्ही आंघोळीला गेला होतात, बाहेर काळं आभाळ, घरी परतायला दोन तास लागणार हे दिसत होतं. मी तुमच्या फोल्डरमधले धूसर फोटो पुसले आणि तिथे माझे टाकले. तीच एकांकिका, शेजारचीच खुर्ची. कुणाला कळणार होतं?

तुमच्यावरच्या मायेपोटी केलं असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. माया होतीच. पण त्या दिवशी माया नव्हती, कंटाळा होता. प्रत्येक फोटोला तुमचा चेहरा उतरताना बघायचा मला कंटाळा आला होता. लवकर निघायचं होतं. एवढंच. तुम्ही बाहेर आलात, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसलात, मी पहिला फोटो लावला आणि तुम्ही म्हणालात, “अरेच्चा!”

किती खूश झालात! शिरीषला फोन केलात. मला जबरदस्तीने थांबवून शिरा केलात, त्यात मीठ पडलं तरी आपण दोघींनी खाल्ला. मग पुढच्या बुधवारी मी परत तेच केलं. त्याच्या पुढच्या बुधवारीही. दीड वर्ष. तुमचं कार्ड प्रत्येक वेळी कोरं करून कॅमेऱ्यात परत घालायचे. तुमचे धूसर फोटो आता कुठेच नाहीत.

तुम्ही किती वर्षं त्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढलीत! मुलांच्या वह्या तपासताना एकच गोष्ट तुम्हाला खपत नसे, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. “रीडिंग आलं तसं लिहायचं. आवडलं नाही म्हणून खोडायचं नाही.” मी तुमची दीड वर्षाची रीडिंगं खोडली, वन्सं. एकूण एक.

आणि तो टीव्हीपुढचा बुधवार. तो तुम्हाला आठवत असेल. मला तर तो विसरताच येत नाही.

मी एकापाठोपाठ एक फोटो लावत होते. तुम्ही मधेच हात वर केलात. स्टूल आणखी पुढे ओढलंत, मान अशी तिरकी की मला तुमच्या मानेचीच काळजी वाटली. पडद्यावर बोट ठेवून म्हणालात, “याचं तोंड उघडं आहे ना?”

“हो.”

“म्हणजे हा बोलतोय. आधीचा?”

“तोही.”

“मी बोलणाऱ्याचे का काढले असतील गं?”

मला तोवर ते सुचलंच नव्हतं! माझा कॅमेरा आपोआप फोकस करायचा आणि त्याला फोकस करायला उजेड लागायचा. म्हणून तो बोलणाऱ्याकडेच जायचा. माझे सगळे फोटो बोलणाऱ्यांचे. तुमच्या नावाखाली टाकताना ते स्वच्छ आहेत की नाहीत एवढंच मी पाहिलं, कुणाचे आहेत ते पाहिलंच नाही. इतकी वर्षं तुमच्या शेजारी बसून!

तेव्हा सांगता आलं असतं. तुम्ही चिडला असतात, आठवडाभर अबोला धरला असतात, मग शिरीषकरवी निरोप पाठवून मला बोलावलं असतंत. आपलं भांडण दर वेळी असंच मिटलंय. पण मी म्हटलं, “हात हलला असेल, वन्सं.”

तुम्ही पडद्यावरचं बोट काढून घेतलंत. मग म्हणालात, “असेल.” आणि टीव्ही बंद करायला सांगितलात. त्यानंतर फोटो बघू या का, असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. मला काय वाटलं सांगू? सुटले असं वाटलं.

मग त्याच महिन्यात तुम्ही मला नौपाड्यातल्या त्या मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलंत. मी विचारलं, “काय होतंय?” तर “सहज. वय झालं, एकदा बघून घ्यावं.” त्यांनी तुम्हाला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, “काही नाही म्हणतात.” पण चेहरा काही मोकळा नव्हता. मी मात्र मनात धुसफुसत होते. अख्खी दुपार गेली, घोडबंदर रोड तुंबलेला, आणि वन्संना आता ही नवी खुळं! परत येताना तुमच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

ते तुम्ही का केलंत ते मला काल कळलं.

ऋता फोटो दाखवत होती. सतरा झाले, मग माझे सात सुरू झाले. ती दोन फोटो मागे गेली. म्हणाली, “काकू, एक विचारू? शेवटी शेवटी मावशींचं काही बदललेलं का? म्हणजे बघा ना, हे सगळे बोलणारे आहेत. त्या तर कधीच... मला आधी वाटलं हे त्यांचे नाहीतच.” आणि लगेच जीभ चावून म्हणाली, “सॉरी, मी पण ना काहीही बोलते.”

मी म्हटलं, “बघून सांगते.” ती गेल्यावर तुमची वही काढली. तुम्ही गेल्यावर बाळकुमहून आणलेल्या खोक्यात होती ती, दहा महिने मी खोकं उघडलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या वहीसारखीच आखलेली. नाटकाचं नाव, उजेड कसा, किती वेगाने काढला, निरीक्षण, अनुमान. शेवटची पानं जाड स्केचपेनने, एका ओळीत तीन-तीन शब्द, ओळी चढत गेलेल्या.

त्यातलं एक पान असं आहे. “निरीक्षण: दोन्ही फोटो बोलणाऱ्याचे. माधवी म्हणते हात हलला. अनुमान: हात हलला तर फोटो हलतो. माणूस बदलत नाही. हात नाही. मग मलाच कळेनासं झालंय का? डॉक्टरांना विचारणे, विसरण्याचा आजार?”

वन्सं! तुम्ही माझं बोलणं खोडून काढलंत, अगदी बरोबर खोडून काढलंत, आणि तरी माझ्यावर संशय घेतला नाहीत. स्वतःवर घेतलात! का? मी एवढी विश्वासाची होते का हो? एकदा तरी म्हणायचं होतंत, “माधवी, खरं सांग.” नुसता आवाज चढवला असतात तरी मी सगळं ओकले असते, तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे शेवटचे पाच महिने तुम्ही असं समजून जगलात की डोळ्यांबरोबर डोकंही चाललंय. आणि कुणाला बोलला नाहीत. बिचारी व्हायचं नव्हतं ना.

वही वाचल्यावर मी शिरीषला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आता राहू दे ना. सात फोटोंनी काय होतंय? आडनाव तर एकच आहे.” त्याला वाटतं त्याने तोडगा काढला. पण मी सकाळी उठून एकटीच बाळकुमला गेले. कॅमेरा अजून तिथेच होता, तुमच्या शेजारच्या सुगंधाताईंकडे.

त्याचं झालं काय, ते तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या सोसायटीच्या बायकांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाटक बसवलं होतं. तुम्ही फोन केलात, “रविवारी दुपारी ये, खालच्या हॉलमध्ये आहे. उजेड अगदीच वाईट, मजा येईल.” मी म्हटलं, “या रविवारी नको वन्सं, पाय फार दुखतायत.” पाय दुखत होते, पण तेवढे नव्हते. एक रविवार मला नुसतं घरी लोळायचं होतं. तुम्ही म्हणालात, “बरं, झोप तू.” मग सुगंधाताई तुम्हाला हाताला धरून घेऊन गेल्या. नंतर तुम्हाला ताप आला, कॅमेरा आवरायचा राहिला, सुगंधाताईंनी तो दुलईसकट आपल्या कपाटात ठेवला. आणि मग हॉस्पिटल. पुढचं कशाला लिहू?

मी दार वाजवलं तर त्यांनी आधी मला बसवलं, सरबत दिलं. तुमच्या सोसायटीच्या जागेवर पूर्वी त्यांचीच भातशेती होती, हे सांगितल्याशिवाय त्यांचं सरबतही संपत नाही. मग मी म्हटलं, “वन्संनी त्या दिवशी तुमच्या नाटकाचे फोटो काढले होते ना?”

“नाटकाचे कुठले ओ! माझेच काढले,” त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. “मना एक पन वाक्य नव्हता. भालदार केलेली मना. भाला धरून कोपऱ्यान उभी, दीड तास! राणी तिकरं मधे एवरी ओरडते, नि बाईंचा कॅमेरा माझेवर. मना लाज वाटली. मंग घरी येतांना मी बोलली, बाई, राणीचा नाय काढला? तं बोलल्या कशा, राणी तर ऐकू येत होती, तिला बघायची काय गरज?”

मी सरबताचा पेला खाली ठेवला. विचारलं, “पण तुम्ही कुठे उभ्या आहात ते त्यांना कळलं कसं?”

“मी पन तेच बोलली! तं बोलल्या, जिकडून आवाज येत नाय तिकडं तू.”

कॅमेरा घेऊन घरी आले. जेवणाआधी कार्ड लावलं. या कार्डाला माझा हात लागलेला नव्हता. एकशे अकरा फोटो. एकही स्वच्छ नाही. सगळे धूसर, दाणेदार, खालच्या हॉलच्या त्या पिवळट उजेडातले. आणि एकशे अकराच्या एकशे अकरा फोटोंत न बोलणारं माणूस! सुगंधाताईंचा उभा काळसर आकार, हातात भाल्याची रेघ. कुठे दासी पंखा धरून. कुठे प्रधान, मान खाली. राणी कुठेच नाही. एका फोटोत तिच्या शेल्याचं टोक आलंय, तेवढंच.

डोळ्यांनी काही दिसत नसताना तुम्ही कानाने नेम धरत होतात. एकदाही चुकला नाहीत. डोकं चाललंय असं समजत होतात त्या दिवसांत!

मी टीव्हीसमोर स्टूल ओढून बसले, तुम्ही बसायच्या तशी. शिरीष जेवायला बोलवत होता. मी सगळे फोटो दोनदा बघितले. रडले. खूप रडले, आता तुम्ही तांदूळ सांडतील म्हणणार नाहीत म्हणून आणखी रडले.

आता मी काय करणार आहे ते सांगते. तुम्हाला ते आवडणार नाही.

ऋताला संध्याकाळी फोन करून सगळं सांगणार आहे. तुमच्या डोळ्यांचंही. तुम्हाला कबूल केलेलं मी मोडतेय, वन्सं. ते न मोडता खरं सांगायची काही सोय मला तरी दिसत नाही. ते ‘बिचाऱ्या’ म्हणतील म्हणून तुम्ही घाबरत होतात. म्हणू दे एक मिनिट. मग त्यांना मी सुगंधाताईंचं बोलणं ऐकवेन, आणि बघू पुढे कोण बिचारी म्हणतं ते! माझ्यावर चिडतील, चिडू देत. सात जागा रिकाम्या होतील. तिथे त्या एकशे अकरांतले सात लागतील, धूसर आहेत तसे, सगळ्यांत मोठे करून, तुमच्या नावाने. ऋता नाही म्हणाली तर मी तिच्या दारात बसेन.

आणि तुमच्या वहीत त्या पानावर, तुमच्या अनुमानाखाली, मघाशी मी लिहिलं. माझ्या बारीक अक्षरात नाही, स्केचपेनने, तुम्हाला कोपऱ्यातून दिसेल एवढं मोठं. “ते फोटो माधवीचे. वन्संची सर्व रीडिंगं बरोबर.” खोडलं काहीच नाही. तुमचं वाक्यही तसंच ठेवलंय.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी मी मागून दुसऱ्या रांगेत बसेन, तुमच्या कडेच्या खुर्चीवर. तुमची लेन्स, तुमची दुलई. आपोआप फोकस बंद. पहिल्या दिवशी सगळे फोटो धूसर येतील, मला माहीत आहे. ते पुसणार नाही. पण उजेडाकडे बघणार नाही, हे तुम्हाला वचन. आवाज जिकडून येत नाही तिकडे बघत बसेन.

पाय दुखले तरी येईन.

तुमची,
माधवी